एमबीए प्रवेशात पदवीच्या गुणांनाही स्थान मिळावे

प्रति,
मा. आयुक्त,
राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई.
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सातारा व मा. जिल्हाधिकारी, सांगली.

विषय : एमबीए प्रवेशासाठी पदवीचे गुण विचारात घेणे, सीईटीची प्रश्नपत्रिका मराठीतही देणे व आक्षेप शुल्क परत करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे सातारा व सांगली जिल्ह्यांतील पदवीचे विद्यार्थी व पालक पुढीलप्रमाणे निवेदन सादर करीत आहोत.

सीईटी रद्द करा, असे आमचे म्हणणे नाही. वशिला नसलेल्या घरातल्या मुलाला जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमसारख्या व्यवस्थापन संस्थेचे दार उघडते ते याच परीक्षेमुळे. आमची तक्रार आहे ती एकट्या पर्सेंटाइलवर सगळे ठरते याबद्दल.

या परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. त्यांपैकी 75 प्रश्न तार्किक क्षमतेचे आणि 25 आकृत्यांचे : चौकोनातला ठिपका पुढच्या आकृतीत कुठे सरकेल, या धर्तीचे. उरलेले 100 गणिती क्षमता व इंग्रजीचे. बी.कॉम.च्या मुलाने तीन वर्षे घोकलेल्या लेखाशास्त्राला इथे जागाच नाही. पदवीला 50 टक्के (राखीव प्रवर्गासाठी 45) मिळाले की पात्रतेची अट संपली. त्यापुढे 51 वाला आणि 85 वाला सारखेच. वेगाचा सराव मात्र क्लासमध्ये होतो, आणि जत, आटपाडी, माण, खटावच्या मुलाला त्यासाठी पुण्यात खोली घ्यावी लागते. ज्याला ते परवडते तो पुढे जातो, हे उघड आहे.

विद्यापीठागणिक गुणदान वेगळे असते, हा आक्षेप रास्त आहे. पण वेगवेगळ्या सत्रांतील गुण समान पातळीवर आणून पर्सेंटाइल काढण्याचे काम कक्ष दरवर्षी करतोच. त्याच रीतीने प्रत्येक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे त्या विद्यापीठापुरते पर्सेंटाइल काढावे आणि अंतिम गुणवत्ता यादीत त्याला निदान 30 टक्के भारांक द्यावा. बारावीचे गुण व सीईटी निम्मे-निम्मे धरण्याचा विचार 2022 मध्ये शासनानेच बोलून दाखवला होता, तेव्हा ही कल्पना अगदीच परकी नाही.

दुसरे, भाषेचे. तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी आपलाच कक्ष इंग्रजी व मराठी दोन्हींत घेतो, एमबीएची मात्र फक्त इंग्रजीत. शिवाजी विद्यापीठात मराठी माध्यमातून बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलाचा तर्क तपासायचा असेल, तर इंग्रजी विभाग वगळून उर्वरित प्रश्न मराठीतही द्यावेत. इंग्रजीची वेगळी परीक्षा त्याच प्रश्नपत्रिकेत होतेच आहे.

तिसरे, चुकांचे. 27 एप्रिल 2025 रोजी सकाळच्या सत्रात एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत गणिताच्या 50 पैकी 21 प्रश्नांत चुका निघाल्या व 5 मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. ती परीक्षा वेगळी असली तरी घेणारा कक्ष हाच. अशा चुका दाखवून उत्तरतालिकेवर आक्षेप घ्यायला विद्यार्थ्याने पैसे मोजायचे आणि आक्षेप खरा ठरला तरी ते परत मिळायचे नाहीत, हे पटण्यासारखे नाही. असे शुल्क परत करावे.

वरील मागण्यांवर पुढील प्रवेश वर्षाची माहिती पुस्तिका प्रसिद्ध होण्यापूर्वी निर्णय घेऊन लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थी व पालक
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी : मा. कुलगुरू, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर.