एका भूखंडावर एकच कुटुंब

एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर असावे, असा दंडक अमेरिकेत प्रथम कॅलिफोर्नियातील बर्कले शहराने १९१६ मध्ये घातला. पुढच्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वस्त्या ठरविणारे नियम अवैध ठरविले. पण जे वर्णाच्या नावाने करता येईना, ते घराच्या प्रकारावरून साधता येऊ लागले. १९२६ च्या युक्लिड खटल्यात तर न्यायालयाने बंगल्यांच्या वस्तीतील भाड्याच्या इमारतींची तुलना चक्क बांडगुळाशी केली!

ही चौकट मोडण्याचा निर्णय मिनिआपोलिसने डिसेंबर २०१८ मध्ये घेतला. एका भूखंडावर तीन घरांना मुभा मिळाली. तरीही तशी बांधकामे थोडीच झाली. कारण उघड आहे. घरांची संख्या वाढविली, पण उंची व चटईक्षेत्राच्या मर्यादा बहुतांशी कायम राहिल्या. एका घराच्या मापात तीन घरे बसविण्यास कोणता विकासक धजावेल? नवी घरे झाली ती मुख्यत्वे वाहतूक मार्गांलगतच्या मोठ्या इमारतींत. ‘प्यू’ संस्थेच्या अभ्यासानुसार २०१७ ते २०२२ या काळात शहरातील घरे १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी अवघी एक टक्का. उर्वरित मिनेसोटात भाडेवाढ १४ टक्के होती.

कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्याने मूळ भूखंडावर चार घरांपर्यंत परवानगी दिली खरी. पण भूखंडाचे विभाजन करणाऱ्या मालकाने तीन वर्षे तेथेच राहण्याचा इरादा प्रतिज्ञापत्रावर द्यावा, ही अटही जोडली. व्यावसायिक विकासक त्यामुळे बाहेरच राहिले आणि सुरुवातीच्या काळात अर्जही मोजकेच आले.