मोठ्या पाईपानं जुना ट्रक पळत नाही

दर वर्षी दसरा झाला की आमच्या भागातल्या गॅरेजसमोर ट्रकची रांग लागते. गळीत हंगाम तोंडावर असतो. ऊसतोड टोळीला उचल दिलेली असते, मुकादम येतो की नाही याची धाकधूक असते, आणि आहे तीच जुनी गाडी चार-पाच महिने रात्रंदिवस चालवायची असते. अशा वेळी कुणी म्हणालं की "पाईप मोठा टाक, गाडी उठंल," तर माणूस ऐकतो. माझ्या मावसभावानं ऐकलं. हा विषय नुसता गॅरेजवाल्यांचा नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

भाऊ वाळवा तालुक्यातला. त्याच्याकडं १९९८ सालचा सहाचाकी टाटा आहे, टर्बो नसलेला, ६९७ इंजिनचा. हंगामात ऊस, एरवी साखर, पशुखाद्य, हळद, मिळेल ते भाडं. गाडी दोन वर्षांपासून चढाला दम टाकत होती. खंबाटकी चढताना आधी ज्या गिअरवर निघायची, तिथं आता एक गिअर खाली यावं लागायचं. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "हिचा श्वास कोंडतोय. तीन इंची पाईप काढून चार इंची टाकू, आतला डबा मोकळा करू." डबा म्हणजे सायलेन्सर. चौदा हजार रुपये गेले.

गाडी घेऊन तो कराडला माझ्याकडं आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी असतानाच मला घरात कळलं. खूश होता. "दादा, आवाज बघ. पिकअप केवढा वाढलाय!"

मी पत्रकार आहे, मिस्त्री नाही. पण वीस वर्षं बातम्या करताना एक सवय लागलीय, कुणी आकडा सांगितला की विचारायचं, मोजला कसा? त्याला म्हटलं, तेवढाच माल, तोच घाट, तोच गिअर, आणि घड्याळ लाव. डिझेल टाकी ते टाकी भरून बघ. त्यानं तीन खेपा मोजल्या. घाट चढायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. डिझेलचं ॲव्हरेज आधीही चारच्या आसपास, नंतरही चारच्याच आसपास. वाढला होता तो फक्त आवाज. आवाज वाढला की गाडी जोरात चाललीय असं ड्रायव्हरला वाटतं. यात त्याची चूक नाही, आपल्या सगळ्यांनाच तसं वाटतं.

असं का होतं, ते समजून घेऊ. शाळेतलं गणित पुरतं.

६९७ या नावातच माहिती आहे. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. सगळे मिळून साधारण ५.७ लिटर. चारस्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा धूर बाहेर ढकलतं. म्हणजे २४०० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला साधारण ११४ लिटर जागा झाडून काढतात. बाहेरचा पाईप अडवत असेल तर हे ढकलायला जास्त ताकद लागते, हे खरंच आहे. पण किती? पाईपातला दाब दहा सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका कमी केला, तर वाचतात सुमारे ११४ वॅट. एका हॉर्सपॉवरचा सहावा-सातवा हिस्सा. अर्धा मीटर पाण्याइतका दाब कमी केला, तरी ढकलण्यातली बचत पाऊण हॉर्सपॉवरची. आणि इंजिन आहे शंभराच्या वर हॉर्सपॉवरचं. घाटात हा फरक पायाला कळत नाही.

"पण तीनाचा चार इंच केला की तोंड पावणेदोन पट मोठं होतं की!" होतं. पण कृष्णेवरून पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्याला मी काय सांगतोय ते लगेच कळेल. दोन किलोमीटरची अडीच इंची लाईन बदलून चार इंची केली तर शेतात पाणी वाढतं, कारण एवढ्या लांबीत घर्षणच मोटरीला खातं. ट्रकचा पाईप दहा-बारा फुटांचा. त्यात घर्षण ते किती असणार? आणि मागं चार इंची नळी लावली तरी पुढं इंजिनच्या मॅनिफोल्डचं तोंड आहे तेवढंच राहतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डिझेल इंजिनची ताकद डिझेल किती जळतं यावर असते, आणि ते किती सोडायचं हे पंप ठरवतो. पाईप बदलून पंप एक थेंबही जास्त सोडत नाही. म्हणून काही ठिकाणी पाईपाबरोबर पंपाचं सेटिंगही हळूच वाढवतात. तेव्हा गाडी खरंच थोडी उठते, आणि श्रेय पाईपाला जातं. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर. काळा धूर म्हणजे तुम्ही पंपावर पैसे देऊन घेतलेलं आणि अर्धवट जळून हवेत गेलेलं डिझेल. वर धुराचं तापमान वाढतं, त्यात व्हॉल्व्ह आणि पिस्टन लवकर जातात. हंगामाच्या मध्यात इंजिन उघडावं लागलं तर काय होतं, हे वाहतूकदाराला मी सांगायची गरज नाही.

उलट बाजूनंही एक गैरसमज आहे, तोही सांगून टाकतो. "इंजिनला मागून थोडा दाब लागतोच, नाहीतर ताकद जाते," असं बरेच जण म्हणतात. हे आपल्या पोरांच्या आरएक्स हंड्रेडवरून आलंय. ती टूस्ट्रोक. तिच्या सायलेन्सरच्या आकारामुळं दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निघालेला ताजा माल आत ढकलते. म्हणून तिथं सायलेन्सरशी खेळलं की गाडी बिघडते. ट्रकच्या चारस्ट्रोक डिझेलला मागून दाबाची गरज नसते. त्यामुळं मोठ्या पाईपानं ट्रकची ताकद जाते असंही नाही. फक्त चौदा हजारांत मिळत काही नाही.

मग पाईपाचा फायदा कधीच नसतो का? असतो. सायलेन्सर आतून कार्बननं बुजला असेल, आतला पत्रा तुटून आडवा पडला असेल, पाईप कुठं दबून चेपला असेल, एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धवट मिटलेली अडकली असेल, तर गाडी खरोखर गुदमरते. पण त्याला उपाय आहे कंपनीच्या मापाचाच नवा सायलेन्सर किंवा झडपेची दुरुस्ती. टर्बोच्या गाडीत पुढचा रस्ता मोकळा असल्याचा फायदा जास्त मिळतो, कारण टर्बो धुराच्या जोरावरच फिरतो. तरी तिथंही डिझेल आणि टर्बोचा दाब वाढवल्याशिवाय फार हाती लागत नाही, आणि ते वाढवणं म्हणजे जुन्या इंजिनाला नवं दुखणं. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा गाड्यांच्या धुराच्या नळीत धूर साफ करणारी यंत्रणाच बसवलेली असते. तिथं कुणालाही हात लावू देऊ नका.

आता भावाच्या गाडीचं पुढं काय झालं ते. नवा जाड पाईप बसवताना जुना एक्झॉस्ट ब्रेक मापात बसेना, म्हणून तो काढून ठेवला होता. "तसाही कोण वापरतंय," असं म्हणाले. महिन्याभरानं भाऊ साखरेची पोती घेऊन चिपळूणला निघाला. कराड, पाटण, कोयनानगर, आणि पुढं कुंभार्लीचा उतार. एक्झॉस्ट ब्रेक धुराची वाट अडवतो, इंजिनच गाडीला मागं ओढतं, आणि चाकांच्या ब्रेकवरचा भार कमी होतो. ती सोय नव्हती. सवयीच्या गिअरवर उतरताना निम्म्या घाटात लायनरचा वास यायला लागला, पेडल खाली जायला लागलं. त्यानं गिअर पाडत पाडत कशीबशी गाडी डोंगराच्या कडेला लावली आणि तासभर तिथंच बसला. रात्री मला फोन केला तेव्हा नुसतं एवढंच म्हणाला, "दादा, पोरं आठवली." त्याला दोन मुली आहेत.

घरी आल्यावर आम्ही गाडी एका जुन्या पंपवाल्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं पाईपाकडं बघितलंसुद्धा नाही. आधी एअर क्लीनर उघडला. जुन्या पद्धतीचा, खाली तेलाची वाटी असलेला. उसाच्या फडातल्या धुळीनं तेलाचा चिखल झाला होता. म्हणजे गाडीचा श्वास कोंडत होताच, फक्त नाकाकडून, आणि आम्ही भलतीकडंच भोक मोठं केलं होतं. मग सहाही नोझल तपासले, दोन नीट फवारत नव्हते. व्हॉल्व्हचं अंतर लावलं. खर्च पाईपाच्या निम्माही आला नाही. कंपनीच्या मापाचा सायलेन्सर आणि एक्झॉस्ट ब्रेक परत बसवायला मात्र वेगळे पैसे गेले. खंबाटकीत गाडी आता जुन्या गिअरवर चढते.

हा झाला गाडीवाल्याचा हिशोब. पण रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांचाही एक हिशोब आहे. हंगामात रात्री दोन-तीन वाजता भरलेली गाडी गावातून जाते. सायलेन्सर रिकामा असेल तर घरातलं तान्हं पोर दचकून उठतं, दवाखान्यातला पेशंट जागा होतो. रुग्णालय आणि शाळेपासून १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, रात्रीची मर्यादा तिथं ४० डेसिबल आहे. प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तीन महिने लायसन जाऊ शकतं. एका खेपेच्या भाड्यातून हे भरून निघत नाही.

काही ड्रायव्हर म्हणतात, "आवाज असला की लोक बाजूला होतात, अपघात टळतो." मला हे पटत नाही. ऊस वाहतुकीचे रात्रीचे अपघात आठवून बघा. कितीतरी वेळा मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, बंद पडलेली गाडी रस्त्यातच उभी असते. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला पुढच्या उभ्या गाडीचा सायलेन्सर वाचवत नाही. चौदा हजारांतल्या हजार-दोन हजारांत दिवे आणि रिफ्लेक्टर नीट होतात.

यंत्रणेलाही दोन गोष्टी सांगायच्यात. पोरांच्या बुलेटचे सायलेन्सर काढून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला की फोटो छान येतो. पण दंडाची पावती फाडून ट्रकवाल्याचं इंजिन सुधारत नाही. त्याला कुणीतरी दोष कुठं आहे ते सांगायला हवं. आणि ते सांगणारा कागद त्याच्या खिशात आधीच असतो. पीयूसी! बीएस चारच्या आधीच्या डिझेल गाडीला ती दर सहा महिन्यांनी करावी लागते. त्यावर धुराचा एक आकडा छापलेला असतो, जुन्या गाडीसाठी मर्यादा २.४५. आपण फक्त पास झाली का बघतो आणि कागद डॅशबोर्डात कोंबतो. पण मागच्या वेळी १.२ असलेला आकडा या वेळी २.१ झाला असेल, तर गाडी पास असूनही आजारी आहे. एअर क्लीनर, नोझल किंवा पंप बघायची वेळ झालीय. फक्त एक अट आहे, पीयूसी खरोखर नळी घालून काढलेली हवी. गाडी दारात उभी न करता मिळालेल्या कागदाचा उपयोग दंड वाचवण्यापुरताच.

दुसरं सांगणं साखर कारखान्यांना. हंगामाआधी वाहनांना रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, ते चांगलंच आहे. त्याच दिवशी गाडीतळावर एक पंप मिस्त्री आणि एक धूर मोजायचं यंत्र बसवा. एअर क्लीनर उघडून दाखवा, धुराचा आकडा चालकाच्या हातात द्या, एक्झॉस्ट ब्रेक चालतो का बघा. एका गाडीला अर्धा तास लागेल. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कारखान्यांची वानवा नाही. एकानं सुरुवात केली तरी बाकीच्यांना करावी लागेल.

आणि वाहतूकदार मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. गाडी ओढत नसेल तर आधी हवा बघा, मग डिझेल बघा, मग व्हॉल्व्ह बघा आणि शेवटी पाईप. पाईप बुजला असेल तर त्याच मापाचा नवा टाका. कुणी "मोठा टाकू" म्हणालं तर त्याला एकच प्रश्न विचारा, एक्झॉस्ट ब्रेक कुठं बसवणार? उत्तर आलं नाही तर चावी परत घ्या.

भावाचा तो चार इंची पाईप अजून आमच्या मावशीच्या परड्यात पडून आहे. पावसाळ्यात त्यात कोंबडीनं अंडी घातली होती. चौदा हजारांचं खुराडं म्हणून घरात सगळे हसतात, भाऊही हसतो. कुंभार्लीचा विषय निघाला की मात्र तो उठून बाहेर जातो.

तुमच्या ओळखीत कुणी हंगामाआधी गाडी कामाला लावत असेल, तर हे त्याला नक्की वाचायला द्या.