थाई असंच असतं, मॅडम!

घरच्या वरणात चिमूटभर मीठ जास्त पडलं, तर पहिल्या घासालाच तीन जण तीन सुरांत सांगतात. हेच तिघे हॉटेलात गेले की समोर येईल ते निमूट खातात, बिल भरतात आणि बडीशेप चघळत बाहेर पडतात. खरं सांगायचं तर आपणही काही वेगळ्या नसतो.

गेल्या महिन्यात आमच्या भिशीच्या आठ जणींनी ठरवलं, या वेळी कुणाच्या घरी चिवडा-आइस्क्रीम नको, सरळ हॉटेलात जाऊ. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे बायकाबायकांनी हॉटेलात बसताना शेजारच्या टेबलाची धास्ती नसते. (चोरून काय मिळतं, तो विषय वेगळा.) मेन्यूकार्ड वहीएवढं जाड. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि शेवटच्या पानावर 'थाई'. आमच्यातली एक मुलीकडे बंगळूरला जाऊन हे सगळं खाऊन आलेली. तिच्या भरवशावर टॉम यम सूप, ग्रीन करी-भात आणि पॅड थाई नूडल्स मागवल्या. आमच्यात एक काकू पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. म्हणून प्रत्येक पदार्थाला 'व्हेजच ना?' असं दोनदा विचारून घेतलं.

पाऊण तास काही आलं नाही. मग आधी भात आला, त्यानंतर करी आणि सर्वांत शेवटी सूप. करी म्हणजे कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेलं गोडसर हिरवं पाणी. नूडल्स आपल्या नेहमीच्या चायनीज गाड्यावरच्याच, वर दाण्याचा कूट भुरभुरलेला. बंगळूरवाली म्हणाली, 'अगं, याला गवती चहाचा वाससुद्धा नाही.' वेटरला बोलावलं, तर त्याने मॅनेजरला पुढे केलं. मॅनेजर हसून म्हणाला, 'थाई असंच असतं, मॅडम. तुम्ही आधी खाल्लं नसेल.'

झालं! आठही जणी गप्प. कारण ते खरंच होतं ना, सात जणींनी आधी खाल्लं नव्हतं.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. गोरसपाकाचा एक तुकडा तोंडात टाकला की तो ताजा की शिळा हे वर्ध्यातलं शाळकरी पोरही सांगेल. गोळाभातातला गोळा कच्चा राहिला तर आपण हॉटेलवाल्याला चार गोष्टी सुनावू. पण नाव परकं आलं की आपण पदार्थावर नव्हे, स्वतःवर शंका घेतो. आपल्यालाच कळत नसेल, असं वाटतं. छोट्या गावांत 'थाई', 'मेक्सिकन', 'इटालियन' अशी पानं मेन्यूकार्डात वाढताहेत, ती काही अंशी आपल्या या संकोचावरच चालतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

थाई जेवण काही आकाशातून पडलेलं नाही. ग्रीन करीचा हिरवा रंग येतो हिरव्या मिरचीच्या वाटणातून. त्यात गवती चहा, आल्याच्या जातीचं कुलिंजन, लसूण, धण्याच्या झाडाची मुळं, लिंबाचं साल असतं, आणि मग नारळाचं दूध. आंबट, गोड, खारट, तिखट या चवींचा मेळ जमवायचा, हे त्या स्वयंपाकाचं मर्म. पाट्यावर वाटण वाटलेल्या बाईला यातलं काय अवघड आहे? थायलंडच्या सरकारला आपल्या जेवणाची एवढी किंमत कळली, की २००२ पासून त्यांनी परदेशांत थाई हॉटेलं वाढावीत म्हणून खास मोहीमच चालवली आणि अस्सल चव देणाऱ्यांना 'थाई सिलेक्ट' नावाचं प्रमाणचिन्हही द्यायला सुरुवात केली. उद्या बँकॉकमध्ये कुणी पाटवडी रश्शात टोमॅटो सॉस घालून 'विदर्भ असंच असतं' म्हणालं, तर आपल्याला कसं वाटेल?

पण खरी गोष्ट चवीची नाहीच. या जेवणातली एक बाब अशी आहे, की जी आपल्याकडच्या शाकाहारी बाईला ठाऊक असायलाच हवी. मूळ ग्रीन करीच्या वाटणात 'कापी' म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते आणि खारटपणासाठी 'नाम पला' म्हणजे मासळीचं पाणी घालतात. चिकन न घालता भाज्या घातल्या म्हणजे ती करी शाकाहारी होत नाही. शाकाहारी वाटण वेगळं करता येतं, तयारही मिळतं, पण ते मुद्दाम बघून आणावं लागतं.

हे बंगळूरवालीला माहीत होतं. ती उठून सरळ काउंटरवर गेली आणि म्हणाली, 'दादा, करीच्या पेस्टची बाटली दाखवा बरं.' आतल्या पोराने बिचाऱ्याने ती आणून दिली. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत घटक लिहिलेले, त्यात कोळंबी. कोपऱ्यात चौकटीतला तपकिरी त्रिकोण. (पूर्वी मांसाहाराची खूण तपकिरी गोल होती, आता त्रिकोण असतो. शाकाहाराचा हिरवा गोल तसाच आहे.) मॅनेजर म्हणाला, 'पेस्ट हो ती, दोनच चमचे घालतो.'

काकू काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारलं, उठून चूळ भरली आणि येऊन बसल्या. मग हळूच माझ्या कानात म्हणाल्या, 'घरी नको सांगू बाई.'

अशा वेळी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण यात गैरसमज फार आहेत. चव आवडली नाही, एवढ्यावर ग्राहक आयोग पैसे देववत नाही, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर रोज खटले! पण मेन्यूत एक लिहून दुसरंच देणं, शाकाहारी म्हणून मांसाहारी घटक खाऊ घालणं, शिळं किंवा खराब अन्न देणं, न सांगता जास्तीचे पैसे लावणं या तक्रारीच्या गोष्टी आहेत. मागूनही बिल न देणं ही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

या कायद्यातली एक सोय आपल्यासारख्यांच्या फार कामाची आहे. तक्रार आता आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. म्हणजे नागपूरला किंवा गोव्याला फसवणूक झाली तरी अर्ज वर्ध्यात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतून बोलता येतं, आणि बरीच भांडणं तिथेच मिटतात. अन्नाच्या दर्जाची किंवा भेसळीची तक्रार मात्र अन्न व औषध प्रशासनाकडे.

तरी हुरळून जाऊ नका. मुंबईत सायनच्या एका मोमोच्या दुकानातून दोघांनी डिसेंबर २०२० मध्ये मोमो घेतले. शाकाहारी मागितले असता चिकनचे दिले, अशी त्यांची तक्रार. सहा लाखांची भरपाई मागितली होती. २०२५ मध्ये आयोगाने ती फेटाळली. बिलावर मांसाहारी ऑर्डरच नोंदलेली होती. शिवाय इतके कडक शाकाहारी आहात तर दोन्ही प्रकार विकणाऱ्या दुकानात का गेलात, असंही आयोगाने सुनावलं. मला हे शेवटचं काही पटलं नाही. छोट्या गावात निव्वळ शाकाहारी हॉटेलं अशी असतात किती? पण बिलाचा मुद्दा मात्र डोक्यात ठेवण्यासारखा आहे. तोंडी शंभरदा सांगितलेलं आयोगापुढे टिकत नाही, कागदावरचं टिकतं.

म्हणून आम्ही बिल नीट वाचलं. खाण्याचे २००० रुपये, त्यावर दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' २००, आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी ११०. एकूण २३१०. म्हणजे ज्या सेवेने आम्हाला पाऊण तास ताटकळत ठेवलं, तिची बक्षिसी आमच्याकडून परस्पर घेतली आणि त्या बक्षिसीवर करही लावला! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं, की हॉटेलांनी हा चार्ज आपोआप बिलात घालू नये, सक्ती करू नये, दुसऱ्या कुठल्या नावाने वसूल करू नये. हॉटेलांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली आणि दोन संघटनांना एकेक लाखाचा खर्चही बसवला. त्या पुढे अपिलात गेल्या. टीप द्यायची ती आपल्या खुशीने, आणि ती वेटरच्या हातात पडली तर उत्तम.

बिलावर आणखी दोन गोष्टी बघत जा. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक तिथे छापलेला असला पाहिजे, १ जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. आणि काही लहान हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात, त्यांना ग्राहकाकडून कर घेताच येत नाही. तसं बिलावर लिहिणंही त्यांना भाग असतं.

सर्व्हिस चार्ज काढा म्हटल्यावर मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण काढला. नवं बिल २१०० चं. वाचलेल्या २१० रुपयांत आठ जणींना काय मिळणार, असं कुणी विचारेल. काउंटरच्या मागे ग्राहकाची थोरवी सांगणारं, गांधीजींच्या नावाचं ते प्रसिद्ध वचन फ्रेम करून टांगलं होतं. ते गांधीजींनी म्हटल्याचा पुरावा अभ्यासकांना मिळत नाही. तसेच शब्द १९४१ साली अमेरिकेतल्या एका मोटार कंपनीचा अधिकारी बोलल्याची नोंद मात्र सापडते. सेवाग्रामच्या दाराशी हे असं! आमच्यातल्या एकीने परतताना आश्रमातल्या अस्वाद व्रताची आठवण काढली, म्हणाली, गांधी जिल्ह्यातल्या बायकांनी चवीसाठी भांडू नये. मी म्हटलं, चवीची आसक्ती सोडणं वेगळं आणि पैसे मोजून खोटं खाणं वेगळं. आश्रमात पैपैचा हिशेब ठेवला जायचा, तो काय उगाच?

राहिल्या काकू. त्यांची बाजू मोमोवाल्यांपेक्षा भक्कम आहे. बिलावर स्पष्ट 'व्हेज ग्रीन करी' छापलंय, बाटलीच्या लेबलचा फोटो बंगळूरवालीच्या मोबाइलमध्ये आहे, साक्षीला आम्ही सात जणी आहोत. मी त्यांना दोनदा म्हटलं, अर्ज करू या. त्यांची अडचण पैशांची नाही, वेळेचीही नाही. अर्जावर नाव येईल, घरी कळेल, सासूबाई अजून आहेत, त्या काय म्हणतील. 'फसवलं त्याने आणि सोवळं मात्र माझं मोडलं,' असं त्याच परवा म्हणाल्या, आणि विषय बदलला.

हॉटेलाच्या बिलाचा कागद गुळगुळीत असतो, चार-सहा महिन्यांत अक्षरं उडतात. म्हणून मी त्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली आहे. मुदत दोन वर्षांची आहे. काकूंनी अजून हो म्हटलेलं नाही.