सुनेचा वैल

गेल्या भाऊबीजेला राईच्या आमच्या घरी एका भांड्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. पुरुषमंडळींच्या मते वादाचा निकाल त्याच दिवशी लागला. माझ्या मते तो लागायचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

भांडे सुनेचे. आत चिनी मातीचे मडके, बाहेर विजेची शेगडी; नाव स्लो कुकर. सकाळी सातला तिने त्यात कोंबडी, बटाटे, गाजर, कांदा आणि थोडे पाणी घातले, मंद आचेवर खटका ठेवला आणि ओवाळणीच्या तयारीला लागली. दुपारी लोण्यावर परतलेले पीठ व दूध घालून रस दाट केला. वरची मैद्याची पारी मात्र भट्टीत वेगळी भाजली. झाकणाखालच्या वाफेत ती खुसखुशीत होत नाही. पदार्थाचे नाव चिकन पॉट पाय.

“पाय? कोंबडीचे की बोकडाचे?” थोरल्या भावोजींनी विचारले. सगळे हसले, मीही हसले. पण पुढचे बोलणे झोंबले. “आपल्या बायकांनी चुलीपुढे जन्म काढला. हा आळशांचा स्वयंपाक! मंद आच पाहायची तर पोपटी पाहा.”

बरे, पोपटीच पाहू. पेणच्या व्याह्यांकडे थंडीत ती मी अनेकदा खाल्ली आहे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद, मडके उपडे, भोवती पेंढ्या-काटक्यांचा धडाडता जाळ. अर्ध्यापाऊण तासात फत्ते! चव अप्रतिम, पण भावोजी, यात मंद काय आहे? आणि त्या कोंबडीचे वाटण आदल्या दुपारी कोणी वाटले, हे तुम्ही कधी विचारले?

मंद आच पोपटीत नव्हती, वैलावर होती. चुलीच्या बाजूचे ते दुसरे तोंड. जाळ पुढच्या भांड्याला, उरलेली धग वैलाला. सासूबाई मिठागरावर कामाला जात. निघताना कालवणाचे मडके वैलावर सरकवून जात. परत येईतो निखारे विझलेले आणि कालवण मुरलेले असे. त्यांना कोणी आळशी म्हटले नाही. मात्र त्या वैलासाठी आधी फुंकणी फुंकून चूल पेटवावी लागे. धूर त्यांच्या डोळ्यांत जाई, कौतुक चुलीचे होई.

सुनेचे भांडे म्हणजे धूर वजा केलेला वैल. त्याचा जन्मही आळसातून झालेला नाही. अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन यांनी १९४० साली अशा भांड्याचे पेटंट मिळवले. १९७१ पासून ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने खपू लागले. मूळ कल्पना त्यांच्या आईने सांगितलेल्या एका आठवणीतली. ज्यू घरांत शब्बाथला विस्तव पेटवत नाहीत. म्हणून लिथुआनियात शुक्रवारी संध्याकाळी मांस-घेवड्याचे मडके पाववाल्याच्या भट्टीत, उरल्या धगीवर ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी काढीत. आठवड्यातून एक दिवस हातांना विसावा मिळावा, म्हणून धर्माने सोय केली. आमच्या सुनेला तो विसावा यंत्राने दिला, तर संस्कृती बुडते?

विजेच्या बिलाचीही ओरड झाली. दोनशे वॅटचे भांडे आठ तास चालले, तर १.६ युनिट. आमच्या दिवाणखान्यातला वातानुकूलक रात्रभरात याहून जास्त खातो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

त्या रात्री सून भांडे माळ्यावर टाकायला निघाली. सकाळी सातची भाईंदरहून लोकल, संध्याकाळी आठला घर, आणि त्यावर ही बोलणी! मी ते तिच्या हातून घेतले व ओट्यावर ठेवले. अजून तिथेच आहे.

भावोजी, या थंडीत पोपटी जरूर लावा. पण वाटण तुम्ही वाटा, शेंगा तुम्ही निवडा, ताटे तुम्ही घासा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चहाचे आधणही तुम्हीच ठेवा. आळशी कोण, ते पुढच्या भाऊबीजेला ठरवू.