आधी आपले दार उघडा!

आपली लेकरे परदेशी दत्तक का जातात, असा संतप्त प्रश्न आपल्या घरांतून विचारला जातो. चीड स्वाभाविक आहे. पण तिचा रोख चुकतो.

१९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला : प्रथम स्वदेशी घर, मगच परदेशी. २००३ मध्ये भारताने हेग कराराला अनुमोदन दिले. बालकल्याण समिती बालकास दत्तकयोग्य ठरवते, ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि बालक परदेशी गेल्यावरही दोन वर्षे त्याच्या प्रगतीचे अहवाल येतात. या वाटेला बगल देऊन मुलांचा बाजार मांडणाऱ्यांना कठोर शासन व्हायलाच हवे.

परंतु कायद्याने जाणारे मूल परदेशी कधी जाते? स्वदेशातील दारे बंद झाल्यावर! वय थोडे वाढलेले, हृदयाला छिद्र असलेले, पायाने अधू असे मूल आपण नाकारतो; दूरदेशीचे दांपत्य वैद्यकीय अहवाल वाचून त्याला कवेत घेते. मग दोष कोणाचा?

सोलापूर जिल्ह्याला तरी हे सांगावे लागू नये. पंढरपुरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये बालकाश्रम उघडला. तेव्हा समाजाने लोकलज्जेपायी मुले टाकली. आज तोच समाज रंगरूपापायी ती नाकारतो. सावळ्या विठ्ठलाला ‘माउली’ म्हणायचे आणि सावळ्या लेकराला दारातून परतवायचे, ही कसली भक्ती? संस्कृतीचा अभिमान भाषणात नव्हे, दत्तकाच्या अर्जावर दिसू द्या!