अपडेट बंद करणं हा इलाज नव्हे

"अपडेट बंद करून टाका, मशीन पळायला लागेल." कार्यालयातला कम्प्युटर मंदावला की हा सल्ला हमखास मिळतो. देणारा कधी शेजारच्या टेबलावरचा सहकारी असतो, कधी साहेबांचा भाचा, तर कधी खुद्द दुरुस्तीला आलेला माणूस. सल्ला फुकटचा, अंमल दोन मिनिटांचा आणि गुण लगेच दिसणारा, म्हणून तो चटकन पटतो. वीस वर्षं लहानमोठ्या कार्यालयांतले कम्प्युटर सांभाळल्यावर मला तो साफ खोडून काढायचा आहे. पण आधी सल्ला देणाऱ्यांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण त्यांचा त्रास खोटा नाही.

त्यांचं म्हणणं असं. अपडेट ऐन कामाच्या वेळी येतं आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना मशीन अडकतं. ते बंद केलं की मशीन खरोखरच हलकं होतं, हा अनुभव आहे. आमच्या छोट्या कार्यालयात चोरण्यासारखं असतं तरी काय? शिवाय कधी कधी अपडेटमुळेच चालतं मशीन बिघडतं. या चारही मुद्द्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा वेळेचा. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतून फोन आला. बुधवारी सकाळी सव्वादहाला मी पोचलो, तर पासबुक भरायला आलेल्यांची रांग दारापर्यंत गेलेली. पाचही कम्प्युटर एकदम मंद. एकावर टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत होता, पण डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के. यादीत सगळ्यात वर 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर', म्हणजे अपडेट बसवणारा. त्याखाली 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल', म्हणजे व्हायरस तपासणारा. त्याखाली ब्राउझरचं स्वतःचं अपडेट. तिघंही एकाच डिस्कवर तुटून पडलेले आणि संस्थेचं सॉफ्टवेअर त्यांच्या मागे ताटकळत उभं.

मी शिपाईमामांना विचारलं, "मामा, रात्री मशीन बंद कोण करतं?"

"मीच की. सहा वाजले की मेन स्विचच पाडतो. शॉर्टसर्किट नको म्हणून साहेबांनी सांगून ठेवलंय."

दुखण्याचं मूळ मामांच्या या उत्तरात होतं. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची अपडेट्स प्रसिद्ध करतं. ही प्रथा २००३ पासूनची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. विंडोजची स्वतःची देखभालही मुळात रात्री दोनची ठरवलेली असते. म्हणजे ही सगळी कामं रात्रीत उरकावीत अशीच रचना आहे. पण आपलं मशीन रात्री जागंच नसतं. बुधवारी दहाला मेन स्विच चालू झाला की पाचही मशीन एकदम उठतात, रात्रीची थकलेली कामं एकदम काढतात आणि एकाच इंटरनेट जोडणीवर ओढाताण करतात. अपडेट कामाच्या वेळेत घुसतं ही तक्रार खरी आहे. पण कामाच्या वेळेखेरीज दुसरी वेळ आपण त्याला ठेवलेलीच नाही.

दुसरा मुद्दा वेगाचा. अपडेट थांबवलं की मशीन हलकं होतं हे मान्य. पण किती दिवस? त्या पाचही मशीनांत जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती. अशी डिस्क सेकंदाला विखुरलेली शंभर-दीडशे वाचन-लेखनाची कामं कशीबशी करते. साधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, तीच कामं हजारोंनी करते. अपडेट म्हणजे हजारो बारीक फायली तपासणं आणि बदलणं. फिरणाऱ्या डिस्कचा तिथे दम निघणारच. अपडेट बंद केल्यावरही हीच डिस्क सकाळी सुरू व्हायला पाच मिनिटं घेते, आणि मोठी एक्सेल फाइल उघडताना पुन्हा धापा टाकते. दुबळेपणा डिस्कचा आणि शिक्षा अपडेटला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

तिसरा मुद्दा, 'आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?' हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. हल्ला करणारा आपलं दार हेरून येतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. १२ मे २०१७ रोजी फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं 'वॉनाक्राय' पसरलं, तेव्हा त्याने कुणाचं दार हेरलं नव्हतं. विंडोजमधल्या एका भगदाडातून ते आपोआप एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होतं आणि दीडशेच्या आसपास देशांत पोचलं. ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलं होतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी निदान ८० ट्रस्टना, म्हणजे रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना, त्याची झळ बसली आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या रुग्णालयांत चोरण्यासारखं काय आहे हे त्या प्रोग्रामला ठाऊकही नव्हतं.

पतसंस्थेच्या कम्प्युटरवर चोराच्या उपयोगाचं काही नसेलही. सभासदांच्या खात्यांच्या नोंदी मात्र असतात. त्या कुलूपबंद झाल्या तर चोराला फायदा होवो न होवो, सभासदाचं नुकसान ठरलेलं.

चौथा मुद्दा सर्वांत वजनदार आहे: अपडेटमधूनच बिघाड येतो. हे शंभर टक्के खरं आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल जगभर पाठवली. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजत आले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन निळा पडदा दाखवून बसली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्याआधी २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच बाहेर पडला. त्याचा फटका आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत बसला. तिथलं एक टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे होतं, त्याचं काम ठप्प झालं. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार कम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

पण या दोन्ही घटना नीट वाचा. क्राउडस्ट्राइकने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. त्या ७८ मिनिटांत जी मशीन चालू आणि जोडलेली नव्हती, ती वाचली. चूक अपडेट देण्यात नव्हती, ते एकाच वेळी सर्वांना देण्यात होती. म्हणूनच त्यानंतर त्या कंपनीने टप्प्याटप्प्याने वाटपाची पद्धत स्वीकारली. नॉटपेट्या एका अपडेटमधून आत शिरलं खरं, पण आत आल्यावर पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक म्हणजे तेच वॉनाक्रायचं भगदाड, जे बुजवायचं अपडेट साडेतीन महिन्यांपूर्वी येऊन पडलं होतं. दुसरी वाट मशीनमधून उचललेल्या पासवर्डांची होती, तेव्हा केवळ अपडेटने सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही. या घटनांवरून एवढंच सिद्ध होतं की अपडेट डोळे मिटून एकदम सगळीकडे घेऊ नये. ते घेऊच नये, असं कुठेही सिद्ध होत नाही.

आता माझी बाजू. अपडेट ही देखभाल आहे, आणि देखभालीला वेळ, जागा आणि क्रम लागतो. एसटीच्या गाडीलाही डेपोत जावं लागतं. ऐन फेरीला गाडी डेपोत नेली म्हणून डेपो बंद करा असं कुणी म्हणत नाही, वेळापत्रक सुधारा म्हणतात.

त्या पतसंस्थेत आम्ही तेच केलं. दुसऱ्या मंगळवारनंतर बुधवारी फक्त एका मशीनवर अपडेट घ्यायचं, तेही काउंटरवर नसलेल्या. बाकी चारांवर ते थांबवून ठेवायचं. विंडोज तशी मुभा देतं, काही आठवड्यांपर्यंत. पुढच्या दोन दिवसांत त्या एका मशीनवर पासबुक प्रिंटर, संस्थेचं सॉफ्टवेअर आणि मराठी टायपिंग नीट चालतं का बघायचं. शुक्रवारी संध्याकाळी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून उरलेल्या मशीनांवर अपडेट लावायचं, आणि मामांनी त्या एका संध्याकाळी तासभर उशिरा मेन स्विच पाडायचा. साहेबांची शॉर्टसर्किटची भीतीही रास्त होती. म्हणून तो तास कुणीतरी हजर राहायचं, असं ठरलं.

अपडेट झाल्यावर 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' करायचं. कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनने मशीन पुरतं बंद होत नाही आणि अर्धवट अपडेट लटकत राहू शकतं. डिस्कवर निदान वीस जीबी जागा मोकळी ठेवायची. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढायचा. 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये कार्यालयाची वेळ भरायची, म्हणजे गिऱ्हाईक समोर असताना मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. विंडोजच्या 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मधून एका मशीनने उतरवलेलं अपडेट शेजारच्यांना देता येतं, ते चालू करायचं. आणि पैसे जमतील तशी एकेका मशीनला एसएसडी घालायची. सगळ्यांत जास्त फरक तिनेच पडतो.

एक इशारा द्यायला हवा. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे मुदतवाढीची सोय केलेली नसेल, तर अशा मशीनवर आता सुरक्षेची अपडेट्स येत नाहीत. 'बरं झालं, कटकट गेली,' असं म्हणणारे मला भेटू लागले आहेत. ती कटकट गेलेली नाही, पहारा गेला आहे. असं मशीन इंटरनेटला जोडून सभासदांच्या किंवा रुग्णांच्या नोंदी त्यावर ठेवू नका.

मशीन मंदावलं की आधी टास्क मॅनेजर उघडा आणि कोण काय खातंय ते बघा. मग वेळ बदला, जागा मोकळी करा, डिस्क बदला. अपडेटचं बटण मात्र कुणालाही कायमचं बंद करू देऊ नका. ज्यांनी विश्वासाने आपलं नाव, पत्ता आणि पैसा तुमच्या कार्यालयात नोंदवला आहे, त्यांच्या सुरक्षेशी तडजोड करण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.