आधी आज्ञा तपासावी, मग यंत्र

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानाचे नाक आपोआप वर-खाली होऊ लागले किंवा ऑटोपायलट नेमून दिलेली उंची धरेनासा झाला, की दोष बहुधा सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. परंतु ऑटोपायलट आज्ञाधारक असतो; त्याला मिळालेली आज्ञा, ती जिथे पाळायची ती हवा आणि त्यासाठी इंजिनाजवळ शिल्लक असलेली शक्ती यांची तपासणी झाल्याखेरीज असा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होत नाही. या तपासणीच्या सरावासाठी वाराणसीचा बाबतपूर येथील लालबहादूर शास्त्री विमानतळ अतिशय उपयुक्त आहे, कारण तो समुद्रसपाटीपासून अवघ्या २६६ फुटांवर, गंगेच्या सपाट मैदानात असल्याने तेथील अडचणींचे खापर डोंगरावर फोडता येत नाही.

जूनमधील दुपारी, पारा ४५ अंशांवर आणि समुद्रसपाटीचा वायुदाब ९९८ हेक्टोपास्कलच्या आसपास असताना तेथील हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने धावपट्टी ४,००० फुटांहून उंचावर असल्यासारखीच ठरते. या भासणाऱ्या उंचीलाच घनता-उंची म्हणतात. अशा वेळी सेसना १७२ विमानाच्या ऑटोपायलटला मिनिटाला ७०० फूट चढण्याची आज्ञा दिली, तर ती पाळण्यासाठी तो नाक उचलत राहतो, इंजिनाची शक्ती पुरी न पडल्याने वेग घटतो आणि शेवटी पंखांवरील हवेचा प्रवाह सुटून विमान स्टॉल होते. येथे बिघाड कशातच नसतो, आज्ञा मात्र अवास्तव असते. चढण्याचा दर कमी करणे किंवा वेग धरून चढणे हाच त्यावरचा उपाय होय.

त्याच दुपारी उंचीमापकावर १०१३ हा प्रमाण दाब तसाच राहिला, तर दर हेक्टोपास्कलमागे सुमारे २८ फूट या हिशेबाने उंचीमापक खऱ्या उंचीपेक्षा सुमारे ४०० फूट जास्त दाखवतो, आणि ऑटोपायलट २,००० फूट निष्ठेने धरून ठेवत असला तरी विमान प्रत्यक्षात १,६०० फुटांवरून जात असते.

हवा आणि आज्ञा निर्दोष ठरल्यावरच जॉयस्टिककडे वळावे. जुन्या जॉयस्टिकमधील दांड्याची स्थिती मोजणारा पोटेन्शिओमीटर झिजला किंवा त्यात धूळ गेली, की दांडा मधोमध स्थिर असतानाही कॅलिब्रेशनच्या पडद्यावरील खूण थरथरत राहते आणि ती थरथर शेपटीवरील एलिव्हेटरपर्यंत पोहोचते. मध्याभोवतीचा थोडा भाग निष्क्रिय ठेवणारा डेड झोन वाढवल्यास ती थांबते. एकच एलिव्हेटर दोन उपकरणांना जोडला गेलेला नाही ना, हेही पाहावे. ट्रिम म्हणजे दांड्यावरचा ताण काढून नाकाचा कल कायम राखणारी योजना. ऑटोपायलट चालू असताना ती तोच फिरवत असतो, म्हणून त्या वेळी दांडा ढकलत राहिल्यास साठत गेलेला ट्रिम ऑटोपायलट बंद होताच नाक उसळवतो.

या शिस्तीचे मोल खेळापुरते नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान बंगळूरला उतरताना धावपट्टीआधीच कोसळले आणि ९२ जणांचा बळी गेला. इंजिने किमान शक्तीवर ठेवणाऱ्या मोडमध्ये विमान खाली येत होते आणि घटत गेलेला वेग वेळेत सावरला गेला नाही. यंत्रणा तिला नेमलेलेच काम करीत होती.

म्हणून सिम्युलेटरवर शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने अडचण येताच आधी चालू मोड मोठ्याने वाचावा, मग वेग, दाब, ट्रिम आणि जॉयस्टिक या क्रमाने एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम वहीत नोंदवावा. चार सेटिंग्ज एकदम बदलून विमान सुधारले, तरी कारण अज्ञातच राहते आणि पुढच्या उड्डाणात तीच चूक पुन्हा समोर येते.